किडक्या वांग्याचा मान

१३ जानेवारी, वर्धा

माय, फार दिवसांत तुला काही लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागते. तू गेल्यावर पहिली काही वर्षं मी डायरीत मधूनमधून तुला लिहायची. पोरीला दात आला, बदली टळली, यंदा लिंबाचं लोणचं तुझ्यासारखं झालं नाही, असं काहीबाही. मग ते कमी होत गेलं आणि बंद पडलं. दुःख निवलं म्हणून बंद पडलं, असं मी स्वतःला सांगत होते. आता वाटतं, दुःखाचा त्याच्याशी फार संबंध नसावा. तुझ्यासमोर बसून सांगण्यासारखं माझ्याजवळ कमी कमी उरत गेलं, एवढंच. आज लिहिते आहे तेही तुझी आठवण अनावर झाली म्हणून नाही. माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. ती कोणाला सांगावी याचा विचार केला तेव्हा जिवंत माणसांपैकी एकही चेहरा डोळ्यांसमोर येईना.

उद्या संक्रांत. म्हणजे आपल्या अंगणातल्या निकालाचा दिवस. तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण सगळं एकदा लिहून पाहायचं आहे, कारण मी कुठून कुठे आले ते मला नीट दिसत नाही. देवळीचा बाजार असला की तू आणि गावातल्या आणखी चौघी-पाचजणी पहाटेच भाजी घेऊन निघायच्या. पालक, मेथी, वांगी आणि सांबाराच्या जुड्या. वर्ध्यात राहून मीही आता कोथिंबीर म्हणते, तू मात्र शेवटपर्यंत सांबारच म्हणायचीस. दुपार कलली की टोपल्या रिकाम्या व्हायच्या आणि गावाकडची गाडी संध्याकाळी असायची. मधल्या वेळात करायचं काय, म्हणून तुम्ही सगळ्या तीनच्या खेळाला टॉकीजात बसायच्या. शाळेला सुटी असली की मी असायचीच. टोपल्या खुर्च्यांखाली, पदराला मेथीचा वास, आणि पडदा उजळला की तू डोक्यावरचा पदर नीट करून बसायचीस, जणू पडद्यावरची माणसं तुला पाहणार आहेत.

पण गाडी सिनेमा संपायच्या आधी सुटायची. हे आपल्या घरातलं मोठंच दुखणं होतं. खलनायकानं हिरोच्या आईला खांबाला बांधलं, हिरो मोटारसायकलवर निघाला, आणि नेमकी तेव्हाच तू उठायचीस. "चला व, गाडी निघन." अख्खी ओळ उभी राहायची, टोपल्या ओढल्या जायच्या, मागचे पुरुष ओरडायचे, "अव बाई, बसा ना खाली." मी दाराकडे पाठ करून, उलट्या पावलांनी, मिळेल तेवढा सिनेमा डोळ्यांत भरून घेत बाहेर पडायची. कितीतरी सिनेमांचा शेवट मी त्या काळात पाहिलाच नाही. तरी एकाचाही शेवट मला ठाऊक नाही असं झालं नाही, कारण गाडीत बसलं की कोणीतरी विचारायचंच, "मंग व, काय झालं असन?" आणि तू शेवट लावायला लागायचीस.

तुझे शेवट अजून माझ्या कानांत आहेत. तुझ्या शेवटात पोलीस वेळेवर यायचे. हिरोची आई कधी मरायची नाही. खलनायकालाही तू मारायची नाहीस, त्याला कोणाच्या तरी पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, निंदायला लावायचीस, तेही भर उन्हाचं. "मरून काय व्हते? कंबर मोडू दे त्याची, मंग समजन." एकदा आपलं गाव आलं तरी हिरोची बहीण सुटली नव्हती. कंडक्टरनं घंटी मारलीच नाही. म्हणाला, "काकू, पोरीले सोडवा अन् मंगच उतरा." तू दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत तिला सोडवलंस आणि उतरलीस.

संक्रांतीला हळदीकुंकवाला त्याच बायका आपल्या अंगणात जमायच्या आणि वर्षभरातल्या सिनेमांचा निकाल लागायचा. सगळ्यात चांगल्याला झेंडूचा हार, सगळ्यात वाईटाला आपल्याच भाजीच्या वाडीतलं एक किडकं वांगं. दोन्ही गोष्टी तू पुढच्या बाजारी खरोखर टॉकीजात नेऊन द्यायचीस. हार तिकीटखिडकीच्या गजांना बांधायचीस आणि वांगं खिडकीच्या फळीवर ठेवायचीस. टॉकीजचा मॅनेजर पहिल्या वर्षी चिडला असणार, पण मला आठवतं तेव्हापासून तो वाटच पाहत असायचा. "काकू, यंदा कोणाचं नशीब फुटलं?" "तुमचंच. दोन आठवडे चालवला तुम्ही थो सिनेमा." "मंग वांगं तरी जरा भरताजोगतं द्या." "चांगलं वांगं मी चांगल्या सिनेम्यालेई देत नाई. चांगलं विकते मी."

तू न्यायाधीश म्हणून फार निष्पक्ष होतीस असंही नाही. ज्या सिनेमात पाठलागाच्या वेळी हिरोची जीप भाजीचा ठेला उलथवून जायची आणि हिरो मागे वळूनही पाहायचा नाही, त्या सिनेमाला तू दुसरं काही न पाहता वांगं द्यायचीस. बाकीच्या म्हणायच्या, "अव पण गाणे किती छान होते त्याच्यात." तू ऐकायची नाहीस. "त्या ठेलेवालीच्या टमाट्याचं कोण पाहीन?" टॉकीजभर लोक शिट्ट्या मारायचे, आणि आपली ओळ मात्र सांडलेल्या टमाट्यांकडे पाहत हळहळायची.

पण एक गोष्ट तू कडक पाळायचीस. मी कॉलेजसाठी वर्ध्याला आले, होस्टेलवर राहिले आणि तिथल्या टॉकीजात पहिल्यांदा सिनेमे शेवटपर्यंत पाहिले. त्यातला एक आपण देवळीला अर्धवट पाहिलेला होता. सुटीत घरी आले ती ही बातमी घेऊनच, की माय, तू सांगितलं होतंस तसं काही नाही, त्यात हिरो मरतो. तू भाकरी थापत होतीस. हातातली भाकरी पुरी थापलीस. मग म्हणालीस, "मेला काय? मंग त्याईचं चुकलं." मी हसले आणि म्हटलं, शेवट ठाऊक नसताना तुम्ही त्या सिनेमाला हार कसा दिला? तेव्हा तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि माझ्याकडे नीट पाहिलंस. "पोरी, शेवट मी लावते, पण निकालात तो धरत नाई. शेवट आपला हाय, त्याईचा नाई. जेवढं पाह्यलं तेवढ्यालेच हार देल्ला. न पाह्यलेल्याले ना हार ना वांगं." खरंच, उशिरा आलेल्या बाईला तू मत देऊ द्यायची नाहीस. "गाणं सुरू झाल्यावर आली तू, तुले बोलाचा हक नाई." तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं. शिकलेल्या पोरीला घरच्या पुष्कळ गोष्टी गमतीच्या वाटतात.

तू गेल्यावर मी तो निकाल पुढे चालू ठेवला. आधी मावस-चुलत भावंडांपुरता, फोनवर. मग कोणीतरी म्हणालं, हे सगळ्यांना वाचू दे, म्हणून फोनवर एक पान उघडलं. माझं नाव तिथे नाही, वर फक्त हार आणि वांग्याचं चित्र आहे. ऑफिसात, म्हणजे ज्या कॉलेजच्या कार्यालयात मी काम करते तिथे, दोघा-तिघांना ठाऊक आहे, बाकीचे वाचणारे कुठले कुठले, नागपूरचे, पुण्याचे. सुरुवातीला मी हाराबद्दल लांबलचक लिहायची आणि वांग्याबद्दल दोन ओळी. हळूहळू ते उलटं झालं. लोक डिसेंबरपासून विचारायला लागतात, यंदा वांगं कोणाला? हार कोणाला हे कोणी विचारत नाही. आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, माय. मला ते आवडत होतं. एखादी ओळ जमून आली की ती मी दिवसभर मनात घोळवायची, भांडी घासताना स्वतःशीच हसायची.

सिनेमे आता टॉकीजात जाऊन पाहावे लागत नाहीत. फोनवर हवे तेवढे येतात. इतके सगळे पाहायचे तर वेळ पुरत नाही, म्हणून मी वेग वाढवून पाहते. माणसं भरभर बोलतात, भरभर रडतात. गाणं आलं की पुढे सरकवते. कंटाळा आला की आणखी पुढे. भाजी निवडताना फोन ताटलीला टेकवून ठेवलेला असतो. शेवट मात्र पाहतेच, कारण लिहायला शेवट लागतो. तुझ्या वेळी शेवट गाडी खायची. मी मधलं खाते, आणि मला घाईची कुठली गाडीही पकडायची नसते.

यंदाचं वांगं मी संक्रांतीची वाट न पाहता, वर्ष संपतानाच एका लहानशा वऱ्हाडी सिनेमाला दिलं. रोहणा गावच्या एका मुलानं केलेला. तो लग्नाचं शूटिंग करतो, त्याच कॅमेऱ्यावर त्यानं गावातली माणसं घेऊन सिनेमा केला आणि फोनवर फुकट ठेवला. म्हातारं जोडपं, भाजीची वाडी, म्हातारा आजारी. सुरुवातीचं मी पाहिलं. आवाज खराब, उजेड कमी, कोंबडी मध्येच ओरडते आणि तसंच ठेवलेलं. मग मी सरकवत सरकवत शेवटावर आले. म्हातारा वारलेला आहे आणि म्हातारी बाजारात पालक घेऊन बसली आहे. एक गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि ती हसत सुटते. हसतच राहते. संपला सिनेमा. मी लिहिलं: "नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि बाई बाजारात बसून खिदळते आहे. पालक विकायला आली की सुटका साजरी करायला, हे दिग्दर्शकालाच ठाऊक." फार लोक हसले. कोणी कोणी ती ओळ उचलून पुढे पाठवली. मला त्या दिवशी स्वयंपाकही चांगला झाला असं वाटलं.

काही दिवसांनी ऑफिसात फोन आला. अनोळखी नंबर. "मॅडम, मी रोहण्याहून बोलून राह्यलो. थो सिनेमा हाय ना, वांग्याचा." माझा नंबर त्याला कोणी दिला ते विचारायचंही मला सुचलं नाही. मी मनातल्या मनात बचावाची वाक्यं जुळवायला लागले. तो म्हणाला, "रागावलो नाई जी मी. म्हन्जे पहिल्या दिवशी रागावलो. मंग म्हटलं, जाऊ दे, वर्ध्याच्या मॅडमनं पुरा पाह्यला तरी. आमच्या गावातल्यानं कोणी पुरा नाई पाह्यला." ती समजूत मी तशीच राहू दिली. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं.

मग त्यानं मुद्दा सांगितला. सिनेमातली म्हातारी म्हणजे त्याची मावशी, खरोखरही बाजारात भाजी विकणारी. तिला वाचता येत नाही. घरातली पोरं फोनमध्ये माझं लिहिलेलं वाचून हसत होती तेव्हा तिनं विचारलं, काऊन हासता रे? "मले काही सुचलं नाई, मॅडम. म्या सांगतलं, मावशे, आपल्या सिनेम्याले पुरस्कार भेटला. तुह्या कामाले भेटला. आता ते रोज इचारते, कवा देनार हाय, कोण येनार हाय. लुगडं धुऊन ठेवलं तिनं." तो जरा हसला, पण ते हसणं लगेच संपलं. "तुम्ही एक डाव या ना. वांगं आणू नका. हार आणा नाई त नारळ आणा, काहीई चालन. संक्रांत झाल्यावर कवाई. दोन शब्द बोला अन् जा." मी विचारलं, त्यांना खरं कोणी सांगितलं तर? तो म्हणाला, "कोण सांगन? तुम्ही?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "इचार करा अन् सांगजा," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्या दुपारी मी पहिलं काम केलं ते म्हणजे पानावरून तो मजकूर काढून टाकला. तो चुकीचा होता म्हणून काढला, की रोहण्यात आता तो कोणी त्या बाईंना वाचून दाखवील या भीतीनं काढला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. चुकीचा होता हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं, कारण सिनेमा मी पाहिलाच नव्हता. म्हणजे भीतीच असणार. एक-दोघांनी विचारलं, वांगं कुठं गेलं? 

रविवारी दुपारी तो सिनेमा लावला. पोरगी शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, स्पीड वाढव ना." नको म्हटलं. "मग गाणं तरी पुढं घे. हे लोक काहीच करत नाहीयेत." खरंच ते काही करत नव्हते. म्हातारा खाटेवर पडलेला, म्हातारी जुड्या बांधते आहे. पोरगी उठून गेली, मी बसून राहिले. मी सरकवलेल्या भागात असं आहे: म्हातारा तिला हसवण्यासाठी बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करतो. एक नक्कल पुन्हा पुन्हा करतो, भाव ऐकून छातीला हात लावणाऱ्या आणि "बाई, पालक विकून राह्यली का वावर?" असं, जणू जुडीला अख्ख्या शेताचा भाव लावलाय, विचारणाऱ्या माणसाची. ती खोटं खोटं रागावते. म्हणते, "असं गिऱ्हाईक खरंच आलं एखादं दिवशी, त मी हासत सुटन अन् फुकटच देऊन टाकन." शेवटी तो तिला सांगतो, मी गेलो तर बसून राहू नको, पालक जून होऊ देऊ नको, बाजार करजो. बस, एवढंच. मग तो मरतो, ती बाजारात जाते, आणि तसंच गिऱ्हाईक येतं. छातीला हात लावतं आणि तोच प्रश्न विचारतं. ती हसते, थांबू शकत नाही, आणि हसता हसता त्याच्या पिशवीत जुड्या भरत राहते. त्या जुड्या मी पहिल्यांदाही पाहिल्या होत्या. मला वाटलं होतं, संकलन चुकलं.

आता तुला ते सांगावं लागेल जे तुला ठाऊकच आहे. बाबा गेले तेव्हा मी होस्टेलवरून घरी आले होते. दहावं व्हायचं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. वाडीत मेथी कापणीला आलेली, चार दिवस आणखी राहिली असती तर फुलावर गेली असती. बाजाराच्या दिवशी तू पहाटे उठून मेथी कापलीस आणि पांढऱ्या कपाळानं देवळीला गेलीस. कोणाला विचारलं नाहीस. मी दाराशी उभी होते. "घराकडे पाहजो," एवढंच म्हणालीस. म्हणजे जगात दुसऱ्या कोणी नाही तरी मी तरी जाणायला हवं होतं, की भाजीवाल्या घरात बाई नवरा गेल्यावर बाजारात का जाते. भाजी सुतक धरत नाही. पुण्याच्या वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याचा दोष नाही. मी त्याच मेथीवर शिकले, आणि त्या पुण्याच्या माणसाला हसू यावं म्हणून ती ओळ लिहिली.

रविवारपासून मी ठरवते आहे, आणि ठरत नाही. हार घेऊन रोहण्याला जाणं सोपं आहे. सगळ्यांना तेच हवं आहे. त्या मुलाला, मावशींना, बहुतेक मलाही. पण अडचण अशी आहे माय, की पुरा पाहूनही तो सिनेमा चांगला नाही. ती मधली आणि शेवटची मिळून काही मिनिटं सोडली तर तो लांबट आहे, विस्कळीत आहे, आणि आवाज तर खरंच ऐकवत नाही. त्या मिनिटांत मी रडले, पण मी त्या सिनेमासाठी रडले की स्वतःसाठी, हे मला सांगता येत नाही, आणि स्वतःसाठी रडलेल्या बाईनं हार देऊ नये. यंदाचा हार मी दुसऱ्या एका सिनेमाला दिला आहे, तोही वेग वाढवून पाहिलेला. म्हणजे तोही माझ्या हातचा खरा नाही. तू असतीस तर या सगळ्याला गाडीत बसल्या बसल्या एक शेवट लावला असतास. मांडव, मावशींचं धुतलेलं लुगडं, मी माईकवर दोन शब्द बोलते, दोघी गळ्यात पडतो, पोलीस वेळेवर येतात. मला तो शेवट लावता येत नाही.

आणि मावशींना खरं सांगायचं, तर ते कोणासाठी? मावशींनी ते मागितलेलं नाही. त्या आनंदात आहेत. मी जाऊन त्यांना म्हणायचं की मी तुमच्यावर हसले आणि लोकांना हसवलं, तर माझं मन हलकं होईल आणि ते ओझं त्या धुतलेल्या लुगड्यावर जाऊन पडेल. हा विचार मी तीन रात्री धरून ठेवला, कारण तो शहाणपणाचा वाटत होता. आज सकाळी ऑफिसात जाताना लक्षात आलं, की त्या शहाणपणात मला कुठेच जावं लागत नाही. रोहण्यात तो मजकूर वाचणारी पोरं घरातच आहेत. आज ना उद्या भांडणात कोणीतरी ते तोंडावर फेकेल. तेव्हा मावशींना कळेल की वांगं मिळालं होतं, आणि वर हेही कळेल की मांडवात हार घालून गेलेली बाई तीच होती. त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, आणि मांडव घालायच्या आधी. पहिल्यांदा सांगायचं ते हे की मी तुमचा सिनेमा न पाहता वाईट म्हटला. मग हे की आता पाहिला, आणि शेवटी तुम्ही जसं हसलात तसं मी पडद्यावर फार कमी पाहिलं आहे. एवढं मी खरेपणानं म्हणू शकते. हे ऐकून त्यांनी कार्यक्रम करावा की नाही, मला चहा द्यावा की हाकलून द्यावं, ते त्यांच्याकडे. भाच्याला आधी सांगावं लागेल. तो नको म्हणेल. तरीही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही, म्हणून एक गोष्ट इथे लिहून ठेवते. ती सुटकेची ओळ माझी नव्हती. माझी म्हणून मी तिच्यावर खूश होते, पण रविवारी सिनेमा संपल्यावर ती कोणाची ते आठवलं. तू मेथी घेऊन गेलीस त्या दिवशी दुपारी देवळीहून आलेल्या कोणीतरी घरी सांगितलं, की तू बाजारात बसून हसत होतीस. माजघरात बायका बसल्या होत्या. माझी काकू, तुझी जाऊ, म्हणाली, "नवरा गेला अन् हे बाजारात बसून हासते. सुटली म्हनाव लागन." दोघी-तिघी हसल्या. मी तिथेच तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही. संध्याकाळी तू आलीस, टोपली ठेवलीस, पाय धुतलेस. तू कशाला हसली होतीस हे मी त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढे तू जिवंत होतीस त्या सगळ्या वर्षांतही विचारलं नाही. मला वाटतं, मी तेव्हा काकूचं ऐकून ते खरं मानलं होतं.

उद्या: रोहण्याच्या मुलाला फोन करून विचारणे, मावशी कोणत्या बाजारात आणि कोणत्या बाजूला बसतात.